शिवणक्लासच्या ओट्यावरचे सहा रंग

कोसा, म्हणजे आमच्याकडचं टसर रेशीम, कातायला बसलं की उठताना पदराला, केसांना, अगदी भुवयांनाही बारीक तूस चिकटलेलं असतं. झटका, पुसा, तरी जेवताना ताटात एखादा तंतू निघतोच! आमच्या ओट्यावरच्या गोष्टींचं तसंच झालंय. कुणी मुद्दाम जमवल्या नाहीत. बसलो, बोललो, चिकटल्या. आता कुठे लग्नाकार्याला गेले की बायका विचारतात, "शोभाताई, तुमच्या त्या रंगीत दोऱ्याचं काय झालं?" आणि मी एक सांगायला जाते तर तिच्या मागून दुसरी निघते.

तर मंडळी आधी ओळखून घ्या. मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीला शिवणक्लास चालवते. क्लास म्हणजे घराचा पुढचा हॉल आणि त्याच्या पुढे ओटा. ओट्यासमोरून हायवे. दिवसभर ट्रक. दुपारी मुली घरी गेल्या की ओट्यावर आम्ही तिघी. शेजारची रेखा, तिचं माहेर मोहाडीकडचं, कोसा विणणाऱ्यांचं. टकळी तिच्या हातात जन्मापासून. दुसरी वनमाला, धानाची शेती, आवाज असा की ट्रकचा हॉर्न लाजेल. तिसरी मी. आमचे हे राइस मिलमध्ये मॅनेजर. ते ओट्यावर नसतात, पण खिडकीच्या आत पेपर उघडून बसतात. पान मात्र उलटत नाही!

*

सौरभ माझा एकुलता एक, पुण्यात नोकरीला. एका रविवारी फोन आला. म्हणाला, "आई, बसली आहेस का?"

"मशीनवर बसलेय. बोल."

"मशीन थांबव."

थांबवली. मग त्याने सांगितलं, की त्याला मुली नाही, मुलगे आवडतात. तेजस नावाचा मुलगा आहे, दोघं एकत्र राहतात. आणि आई, लपवून लपवून मी थकलो.

माझ्या तोंडातून निघालं, "जेवलास का?" तिकडून हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. मग दोन्ही एकदम.

फोन ठेवला आणि कामाला लागले. त्या आठवड्यात एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या! ह्यांना सौरभने स्वतःच सांगितलं. हे ऐकत राहिले, उठले, कुंड्यांना पाणी घातलं. पाणी ओट्यावरून रस्त्यापर्यंत गेलं तरी घालतच होते. शेवटी एकच वाक्य बोलले, "दादाले काय सांगाचं?"

दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, सानगडीचे. सासरे लवकर गेले, ह्यांना दादांनीच वाढवलं, शिकवलं. दादा खाकरले तरी घर चूप होतं. ह्या वयातही हे त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत.

मला मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. रेखाला सांगितलं. ती टकळी फिरवत होती. ऐकता ऐकता धागा तुटला. तिने थुंकी लावून जोडला, पुन्हा फिरवायला लागली. मग म्हणाली, "पुन्याले थंडी लय पडते म्हन्ते ना?"

"पडते."

"मंग मफलर इनू त्याले. आन त्या दुसऱ्या पोराले बी. त्याले काय थंडी वाजत नाई का?"

*

सौरभने पुण्याच्या प्राइड मोर्चाचा, म्हणजे त्याच्यासारख्या मुलामुलींच्या मोर्चाचा, फोटो पाठवला होता. दोघं उभे, मागे रंगीत पट्ट्यांचा झेंडा. आम्ही ठरवलं, मफलर ह्याच रंगांचे करायचे. वनमालाने फोन डोळ्यांना लावून रंग मोजले.

"सहाच हायेत. इंद्रधनुष्याले त सात रायते. एक काहून खाल्ला?"

व्हिडिओ कॉल लावून दिला. सौरभ म्हणाला, "मावशी, आधी जास्त होते, मग कमी केले, आता सहाच चालतात." वनमालाचं समाधान झालं नाही. तिच्या मते ह्यात कुणीतरी कापड वाचवलं होतं.

मग तिने मोर्चातल्या फलकावरची इंग्रजी अक्षरं वाचली. एल, जी, बी, टी. "हे काय आहे बाप्पा?"

सौरभ सांगायच्या आत रेखा मोठ्या विश्वासाने म्हणाली, "अवं सोपं आहे. लाखनी, गोसीखुर्द, भंडारा, तुमसर!"

तिकडे सौरभ आणि तेजस खुर्चीवरून पडायचे बाकी! पण वनमाला हसली नाही. तिचं माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलंय. तोंड लहान करून म्हणाली, "गोसीखुर्द असन त मी नाई येत बा तुमच्या मोर्चात."

सौरभने मग शांतपणे एकेक अक्षर समजावलं. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, दोन्ही आवडणारे, जन्माला आले एक आणि आतून दुसरे. वनमाला वर्गात बसल्यासारखी ऐकत होती. शेवटी विचारलं, "आन हे पुढं अधिकचं चिन्ह काहून?"

"त्यात बाकीचे सगळे, मावशी."

"मंग मले त्याच्यात टाक!"

*

रंगवण्याचं काम सोपं वाटलं होतं. फुटक्या कोशांचा कोसा रेखाने सोड्याच्या पाण्यात उकळला, आम्ही तिघींनी कातला. माझा धागा कुठे सुतळी, कुठे केस. पिवळ्याला हळद. नारिंगीला पळसाची फुलं, ती वनमालाने शेताच्या बांधावरून पोतंभर आणली. लाल आणि जांभळ्याच्या पुड्या बाजारातून. निळ्याला कपड्याची नीळ टाकली तर एका धुण्यात पळाली, मग त्याचीही पुडी आणली. हिरव्यासाठी मी मेंदी उकळली, ती निघाली शेणाच्या रंगाची! शेवटी हळदीचा धागा निळ्यात बुडवला तेव्हा कुठे हिरवा उगवला.

ह्या गडबडीत जांभळ्या रंगाची बादली आणि धुण्याची बादली शेजारी शेजारी होती. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ह्यांची चारही बनियनं जांभळी!

मी घाबरले. म्हटलं, नवी आणते. हे त्यातलंच एक घालून मिलमध्ये गेले. उन्हाळ्याचे दिवस, मिलमध्ये कोंड्याचा उकाडा, सगळेच शर्ट काढून काम करतात. एका हमालाने विचारलं, "मॅनेजरसाहेब, हे काय? कशाचा रंग लागला?"

हमाल मला नंतर रस्त्यात भेटला, म्हणून कळलं. हे म्हणाले होते, "घरचा आहे. पक्का आहे."

*

सिंधूबाई आमच्याकडे लग्नं जुळवते. तिची पर्स म्हणजे अर्ध्या भंडारा जिल्ह्याच्या मुलामुलींचे फोटो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली, तिळगूळ तोंडात टाकला आणि फोटो काढला. "शोभाताई, पोरगी गोरी आहे, बी.एड. आहे, मानसं चांगली हायेत. सौरभले दाखवा."

बाकीच्या बायका वाणाचे डबे धरून थांबल्या. मी म्हटलं, "त्याने आपलं पसंत केलंय."

"अगं बाई! कुठचं?"

"साताऱ्याकडचं."

"शिक्षन?"

"इंजिनिअर."

"सैपाक?"

"भाकरी गोल येते. सौरभपेक्षा चांगली."

"मंग सोडू नका बाई! नाव काय म्हन्ते?"

आता आली का पंचाईत! मी रेखाकडे पाहिलं. रेखाने मान हलवली, सांग म्हणून. "तेजस," मी म्हटलं.

"तेजस्विनी?"

"नाही. तेजस."

सिंधूबाईने तिळगूळ चावायचा थांबवला. फोटो पर्समध्ये गेला. कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली. मी मनात म्हटलं, झालं, संध्याकाळपर्यंत तुमसरला कळणार.

सिंधूबाई फाटकातून परत आली. आवाज खाली करून म्हणाली, "शोभाताई, त्या तेजसले लग्नाची बहीन आहे का? माह्या भाच्यासाठी पाहून राहिली मी."

*

समोरच्या पंक्चरच्या दुकानात एका सरदारजींचा ट्रक लागला होता. चाकाला वेळ होता, म्हणून ते पाणी मागायला आले आणि ओट्याच्या पायरीवर टेकले. माझ्या हातातल्या सुया पाहत होते. थोड्या वेळाने राहवलं नाही.

"बहनजी, वो फंदा गिर गया."

खरंच एक टाका सुटला होता. त्यांनी हात पुढे केला. एवढाले पंजे, बोटांना ग्रीस! आधी गमछ्याला चांगले पुसले, सुया घेतल्या आणि झपाझप विणायला लागले. आई शिकवून गेली म्हणाले, लहानपणी घरात सगळ्यांचे स्वेटर तेच विणायचे.

"किसके लिए बना रही हो?"

"बेटे के लिए."

"और वो दूसरा, वैसा ही?"

तोपर्यंत मी अनोळखी माणसाला आपणहून कधी सांगितलं नव्हतं. कुठून हिंमत आली कोण जाणे. म्हटलं, "उसके साथी के लिए. दोनों साथ रहते हैं. जैसे घरवाले रहते हैं, वैसे."

सुया थांबल्या. पंक्चरवाल्याने हातोडी मारली, त्याचा आवाज तेवढा आला. मला वाटलं आता मफलर ठेवून उठतील. त्यांनी ओळ पूर्ण केली. दुसरी ओळ घेतली, तीही पूर्ण केली. मफलर माझ्या हातात दिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "दोनों एक जैसे मत बनाओ, बहनजी. रोज़ लड़ेंगे. मेरा कौन सा, तेरा कौन सा!"

म्हणून तेजसच्या मफलरला गोंडे आहेत.

*

तेजस पहिल्यांदा लाखनीला आला तेव्हाची गंमत वेगळीच. पोरगा उंच, लाजाळू, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काकू." सौरभ ह्यांच्याबरोबर बाजारात गेलेला. तेवढ्यात वनमालाने फोन केला. तेजसने उचलला.

"कोन? तेजस का? शोभाले सांग, मी येऊन राहिली."

तेजस धावत आत आला. "काकू, वनमालामावशी राहायला येताहेत! गादी कुठे घालू?"

वनमाला पाच मिनिटांत हजर, तर खोलीत गादी, उशी, तांब्याभांडं तयार! तिला समजावलं की आपलं 'येऊन राहिली' म्हणजे नुसतं येतेय, पण साताऱ्याकडे राहणं म्हणजे मुक्कामच. ती म्हणाली, "घातलीच आहे त लवंडते मंग," आणि खरंच तासभर झोपली.

उठल्यावर चहा घेताना तिने विचारलं. कधीतरी विचारणारच होती, मला ती भीती होतीच. "तेजस, रागावू नको बाप्पा. मले फक्त समजून घ्याचं आहे. तुम्हा दोघायमंदी नवरा कोन अन् बायको कोन?"

ह्यांच्याबरोबर सौरभ परतला होता. त्याचा चेहरा पडला. तेजस चहात पाहत राहिला. ह्यांनी खिडकीआड पेपर वर केला. आणि रेखा, जी कधी कुणाला उलट बोलत नाही, ती म्हणाली, "वनमाला, ट्रॅक्टर कोन चालवते तुह्या घरी?"

"मी."

"बँकेत कोन जाते?"

"मीच."

"आन भाजी कोन चिरते?"

"हे चिरतेत. मले कुठं टाइम आहे?"

"मंग तुह्या घरी नवरा कोन?"

वनमाला विचारात पडली. बशी खाली ठेवली. खरंच विचारात पडली, बरं का! मग तेजसच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जाऊ दे पोट्ट्या, चहा पी. हे लय खोल आहे."

*

मफलर देऊन झाले तरी कातणं थांबलं नाही. धागा उरला होता, मग छोट्या पट्ट्या विणायला लागलो, मनगटाला बांधण्याजोग्या. सौरभच्या मित्रमैत्रिणींना पाठवल्या. क्लासच्या मुलींनी मागितल्या, कुणी हे काय म्हणून विचारलं तर रंगांचा अर्थही सांगितला. गावात बोलणारे बोललेच. एका घराने आपली मुलगी क्लासमधून काढली. ती मुलगी अजून रस्त्यात दिसली की लांबून हात हलवते.

एका दुपारी मोटरसायकलवर एक माणूस आला. पांढरा शर्ट, कपाळाला घाम, पायाला धानाच्या बांधीचा चिखल वाळलेला. खाली उतरला, पण ओट्यावर येईना. वनमाला म्हणाली, "या ना भाऊ, कपडे शिवाले टाकाचे आहेत का?"

"नाई." मग बराच वेळ गाडीच्या हँडलशी खेळला. "ते रंगाचं... ते पट्टी का काय म्हन्तेत. ते मिळते का इथं?"

रेखाने डबा पुढे केला. त्याने हात लावला नाही.

"कोणासाठी पाहिजे?" मी विचारलं.

"पोरीसाठी. नागपूरले रायते. घरी येत नाई ते." मग म्हणाला, "मीच येऊ नको म्हटलं होतं."

मी एक चांगली घट्ट विणीची पट्टी निवडली आणि कागदात गुंडाळली. त्याने ती शर्टाच्या आत, बनियनच्या बाजूला ठेवली. गाडी सुरू केली, मग बंद केली.

"ताई, याच्यासंग काई बोला लागते का? म्हंजे देताना?"

"नाही, भाऊ. नुसती द्या."

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "मले बोलता आलं नसतं."

नाव आम्ही विचारलं नाही. नागपूरकडची बस समोर थांबली की वनमाला अजून उतरणाऱ्या पोरी न्याहाळते. कशावरून ओळखणार आहेस म्हटलं, तर म्हणते, "बापासारखं नाक असन."

*

आणि मग दादांचा निरोप आला. मे महिना, सौरभ-तेजस लाखनीला आलेले. सानगडीहून फोन. फोनवर जाऊबाई, पण मागून सांगणारे दादा. "पोरगा आला म्हन्ते. दोस्त बी आहे म्हन्ते संग. इकडं काहून नाई आनले? उद्या आना."

ह्यांचं जेवण गेलं. दादांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. सांगायचं सांगायचं म्हणत दोन दिवाळ्या निघून गेल्या होत्या. सौरभ म्हणाला, "बाबा, मी सांगतो मोठ्या बाबांना." हे म्हणाले, "नाही. तो माझा भाऊ आहे. मीच सांगीन."

सकाळी ऑटो करून निघालो. रस्ताभर हे ओठ हलवत होते. मला आधी वाटलं स्तोत्र म्हणताहेत. कान दिला तर, "दादा, एक बोलाचं होतं... दादा, आजकाल असं आहे... दादा, पोरगा आपलाच आहे..." तेजसने सौरभचा हात धरला होता. गाव दिसलं तसा सोडला.

दादा अंगणात कडुनिंबाखाली बसले होते. दोघांनी पाया पडून घेतलं. दादांनी तेजसला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोन्या गावचा?"

त्याने सांगितलं.

"तिकडं धान होते का?"

"भात होतो, पण आमच्याकडे ऊस जास्त."

"उसाले पानी लय लागते," दादा म्हणाले. हे पुढे सरकले, "दादा, एक बोलाचं होतं..." दादा म्हणाले, "जेव आधी."

जेवण झालं. आंब्याचा रस, तांदळाच्या शेवया. दादांनी खुणेनेच तेजसच्या वाटीत दोनदा रस वाढायला लावला. हात धुताना ह्यांनी पुन्हा सुरुवात केली, "दादा, ते सौरभचं..." दादा म्हणाले, "ऊन लय आहे. पोरं थकले असन. पडू दे त्यायले."

जाऊबाई सतरंज्या घेऊन आली. "सौरभ, तू आतमंदी पड बाप्पा. पाहुन्याची खाट मी पडवीत टाकते." आणि दादांना विचारलं, "टाकू ना जी पडवीत?"

दादा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "आपला जावई आला का त्याले कोन्ती खोली देतो आपन?"

"कूलरची," जाऊबाई म्हणाली.

"मंग इचारून काहून राहिली?"